दोन आठवड्यांनी बरणीतले जीव गेले कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की तळ्यातलं पाणी आणून काचेच्या बरणीत छोटं मत्स्यालय केलंत, मासे वगैरे नाहीत, पहिले चार दिवस मायक्रोस्कोपखाली भरपूर काही पळताना दिसलं, आणि आता पंधरा दिवसांनी थेंबामागून थेंब बघताय पण स्लाइड रिकामीच, मग पाणी ओतून देऊन नवीन आणू का.

ओतू नका. अजिबात ओतू नका. मी गेली बरीच वर्षं अशा बरण्या खिडकीत ठेवतोय आणि माझा अनुभव असा की खरी मजा पंधरा दिवसांनंतरच सुरू होते. तुमचे जीव मेलेले नाहीत, त्यांनी जागा बदलली आहे, आणि तुम्ही ड्रॉपरनं अजूनही बरणीच्या मधोमध, स्वच्छ दिसणारं पाणी उचलताय. तिथे आता खरंच फारसं कुणी राहत नाही.

आधी काय घडलं ते सांगतो. तळ्यात मोकळ्या पाण्यात तरंगत राहणारे जीव असतात, त्यांना बरणीतलं आयुष्य फारसं मानवत नाही, आणताना हिंदकळतं, पाणी तापतं, ऑक्सिजन कमी होतो, त्यातले बरेच पहिल्या आठवड्यातच जातात. ते खाली पडतात, कुजतात, त्यावर बॅक्टेरिया वाढतात, पाणी जरा दुधाळ होतं. तुम्हाला हे दुधाळपण दिसलं असेल आणि वाटलं असेल की बिघडलं, पण ते पुढच्या सगळ्यांचं जेवण आहे. बॅक्टेरिया वाढले की त्यांना खाणारे एकदम बारीक जीव येतात, शेपटीसारख्या तंतूनं पोहणारे, मग मूत्रपिंडाच्या आकाराचे कोल्पोडा, मग पॅरामेशियम आणि पृष्ठभागावर पाय असल्यासारखे तुरुतुरु चालणारे स्टायलोनिकिया, युप्लोटिस वगैरे, मग देठावर बसणारे व्हॉर्टिसेला, आणि सावकाश अमीबा. वुडरफ नावाच्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानं १९१२ साली वाळलेल्या गवताच्या काढ्यात कोण आधी येतं आणि कोण नंतर याचा असाच क्रम मांडला होता. तुमच्या बरणीत गाळ आहे, झाड आहे, त्यामुळे क्रम इतका सरळ राहणार नाही, पण एक गेला की दुसरा येतो हे मात्र नक्की.

हे नंतर येणारे बहुतेक जण कशाला तरी धरून राहणारे. काचेवर आतून जो बुळबुळीत थर आलाय ना, जो तुम्ही कदाचित पुसायला निघाला असाल, तो. पाण्याच्या वर जो पातळ पापुद्रा दिसतो, तो. झाडाच्या पानाची खालची बाजू. गाळाचा वरचा, पिवळट तपकिरी, कापसासारखा हलका थर. या चार जागा. माझ्या बरणीत एका थेंबात मोकळ्या पाण्यातले दोन-तीन जीव दिसले तर काचेवरच्या थराच्या टाचणीच्या डोक्याएवढ्या खरवडीत मोजता येणार नाहीत इतके असतात.

आता घ्यायचं कसं. गाळासाठी काचेची बारीक नळी किंवा पारदर्शक स्ट्रॉ घ्या, वरचं तोंड बोटानं घट्ट दाबा, तसंच खाली नेऊन टोक गाळाच्या अगदी वर ठेवा आणि बोट क्षणभर सोडा, गाळाचा वरचा थर आपोआप नळीत शिरतो, मग परत बोट दाबून बाहेर काढा. तोंडानं कधीही ओढू नका, ते पाणी पोटात जायला नको, आणि हाताला कापलेलं वगैरे असेल तर हातमोजे घाला, काम झाल्यावर हात साबणानं धुवा. काचेवरचा थर जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कोपऱ्यानं खरवडता येतो. वरचा पापुद्रा घ्यायला सगळ्यात सोपं म्हणजे कव्हरस्लिप, म्हणजे थेंबावर झाकायची पातळ काच, चिमट्यात धरून पाण्यावर आडवी टेकवायची आणि उचलायची, पापुद्रा तिला चिकटून येतो, तशीच ती स्लाइडवर ठेवायची.

पण मी ज्या एका युक्तीमुळे या छंदात टिकलो ती वेगळी आहे. एक स्वच्छ स्लाइड घ्या, तिच्या टोकाला दोरा बांधा, आणि बरणीत उभी लटकत ठेवा, अर्धी तिरपी झाली तरी हरकत नाही. आठ दिवस हात लावू नका. तेवढ्यात त्या कोऱ्या काचेवर बॅक्टेरियाचा थर, त्यावर डायटम म्हणजे काचेसारख्या कवचाचं एकपेशी शेवाळ, त्यावर देठवाले जीव अशी वस्ती बसते. मग स्लाइड काढायची, एक बाजू टिपकागदानं पुसायची, दुसऱ्या बाजूवर बरणीतलंच थेंबभर पाणी आणि कव्हरस्लिप, आणि सरळ मायक्रोस्कोपखाली. खरवडलं की सगळं उलटंपालटं होतं, कोण कुणाच्या शेजारी राहत होतं ते कळत नाही, इथे मात्र अख्खी वस्ती जशीच्या तशी समोर. मी दर आठवड्याला एक याप्रमाणे चार स्लाइड लावून ठेवतो आणि तारखा दोऱ्याला चिठ्ठी बांधून लिहितो, म्हणजे एक आठवड्याची, दोन आठवड्यांची, तीन आठवड्यांची वस्ती एकाच दिवशी शेजारी शेजारी ठेवून बघता येते.

अशाच एका स्लाइडवर मी पहिल्यांदा व्हॉर्टिसेला नीट बघितला. उलटी घंटा समजा, पारदर्शक, खाली लांब बारीक देठ, घंटेच्या काठावर केसांसारखे तंतू इतक्या वेगानं हलतात की काठ फिरतोय असंच वाटतं, आणि त्यामुळे पाण्यात छोटा भोवरा तयार होतो, आजूबाजूचे कण गोल फिरत आत ओढले जातात. हे बघत असताना टेबलाला माझा नुसता धक्का लागला आणि सगळ्या घंटा एकदम गायब. म्हणजे गेल्या नव्हत्या, देठ स्प्रिंगसारखा गुंडाळून घंटा तळाला चिकटली होती. हे आक्रसणं सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आत होतं, डोळ्याला मधलं काहीच दिसत नाही. आणि मग उलगडणं मात्र सावकाश, एकेक वेढा सुटत, आणि घंटा परत उघडून भोवरा सुरू. मी त्या रात्री कितीतरी वेळ टेबलावर टिचकी मारून तेच बघत बसलो होतो.

मायक्रोस्कोपबद्दल तुम्ही लिहिलंय की साधाच आहे, ४० पट, १०० पट आणि ४०० पट. पुरेसा आहे. तेल लावून वापरायचं १००० पटीचं भिंग या कामाला लागतच नाही. तुमच्या रिकाम्या स्लाइडचं दुसरं कारण मला इथेच दिसतंय, तुम्ही थेट ४०० वर जाताय. थोडा हिशेब बघा. ४० पटीला साध्या मायक्रोस्कोपात साधारण चार-साडेचार मिलिमीटरचं वर्तुळ दिसतं, पारदर्शक मोजपट्टी खाली ठेवून तुम्ही स्वतः मोजू शकता, मोजाच. ४०० पटीला तेच वर्तुळ त्याच्या दहाव्या हिश्श्याचं होतं, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. पॅरामेशियम स्वतःच पाव मिलिमीटरच्या आसपास लांब आणि सेकंदाला मिलिमीटरभर सहज पोहतो, मग तो त्या वर्तुळातून अर्ध्या सेकंदात बाहेर पडणारच, तुम्हाला फक्त काहीतरी सरकल्याचा भास होणार. म्हणून आधी ४० वर अख्खी स्लाइड ओळीओळीनं फिरवायची, शेत नांगरल्यासारखी, कुणी सापडला की १०० वर, आणि तो कुठे थांबला, गाळाच्या कणाजवळ खायला वगैरे, तरच ४००. माझं निम्म्याहून जास्त बघणं १०० वरच होतं.

दुसरं म्हणजे उजेड. हे जीव काचेसारखे पारदर्शक, आणि आपण दिवा पूर्ण लावून बघतो, सगळं पांढरं फटक. स्टेजच्या खाली उजेड कमीजास्त करायची जी झडप असते, डायफ्रॅम, ती जवळजवळ बंद करत आणा, कडा एकदम उठून दिसायला लागतात. नवीन माणसाला मी स्लाइडला हात लावायच्या आधी ही झडप चालवायला लावतो. अजून एक करून बघा, काळ्या कागदाची नाण्याएवढी गोल चकती कापून कंडेन्सरच्या, म्हणजे स्टेजखालच्या उजेड गोळा करणाऱ्या भिंगाच्या, खाली बरोबर मध्ये धरा, मधला उजेड अडतो, फक्त कडेनं तिरका येतो, आणि काळ्या आकाशात जीव चमकत फिरतायत असं दृश्य मिळतं. चकतीचा आकार दोन-तीनदा कापून जुळवावा लागेल. ४० आणि १०० पटीला छान जमतं, ४०० ला साध्या मायक्रोस्कोपात जमवायचा हट्ट करू नका.

पळणाऱ्यांना आवरायचं असेल तर कापसाचे चार-पाच तंतू विंचरून थेंबात टाका, त्यांच्या जाळीत ते अडकून फिरतात पण चिरडत नाहीत. मिथाइल सेल्युलोजचं घट्ट द्रावण मिळालं तर तेही चालतं, पण त्यात त्यांचं पोहणं बदलतं हे लक्षात ठेवा. मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे कव्हरस्लिपच्या कडेला टिपकागदाचं टोक लावून थोडं थोडं पाणी ओढून घेणं, काच हळूहळू खाली बसते आणि जीव जागच्या जागी थांबतो. अशा थांबवलेल्या पॅरामेशियममध्ये दोन्ही टोकांकडे एकेक गोल पोकळी दिसेल, फुगते, एकदम मिटते, परत फुगते, काही सेकंदांनी हेच. बाहेरचं पाणी त्याच्या अंगात सतत शिरत असतं आणि ते असं उपसून बाहेर टाकावं लागतं, नाहीतर तो फुगून फुटेल. फार वेळ ओढलंत तर मात्र तुमच्या डोळ्यादेखत फुटतो, तेवढं सांभाळा, आणि बघून झालं की थेंबभर पाणी घालून परत बरणीत सोडा. मोठे जीव असतील तर कव्हरस्लिपच्या चार कोपऱ्यांना व्हॅसलिनचे बारीक ठिपके लावा, म्हणजे काच त्यांच्या अंगावर बसत नाही आणि पाणीही जरा उशिरा सुकतं.

गाळात आणि काचेवर आणखी एक बारीक पण अनेक पेशींचा प्राणी भेटेल, रोटिफर. तो ओळखायचा म्हणजे डोक्यावर दोन चाकं फिरतायत असं वाटतं. चाकं नसतात, तंतूंची वर्तुळं असतात. त्याच्या गळ्यात एक कुटणारा जबडा असतो तो शरीरातून आरपार दिसतो, खाल्लेलं चेचत असतो. जळवेसारखं आखडून ताणून चालणारे जे रोटिफर तुम्हाला गाळात भेटतील त्यांच्यात नर आजवर कुणाला सापडलेला नाही, सगळ्या माद्या. आणि ते पूर्ण सुकूनही परत जिवंत होतात, लेव्हेनहूक या जुन्या डच सूक्ष्मदर्शक-अभ्यासकानं १७०२ मध्ये पन्हळीतल्या कोरड्या मातीवर पाणी घालून हे बघितलं होतं. बरणी आटून कोरडी पडली तरी गाळ फेकू नका असं मी सांगतो ते यासाठी, पावसाचं पाणी घाला आणि एक-दोन दिवस बघा.

सगळ्यालाच मायक्रोस्कोप हवा असंही नाही. १० पटीचं हातातलं भिंग घेऊन बरणीच्या बाहेरूनच बघायची सवय लावा. रात्री खोली अंधारी करून बरणीच्या एका बाजूला टॉर्च लावला की थोड्या वेळात पाणपिसू म्हणजे डॅफ्निया, सायक्लॉप्स वगैरे बरेचदा उजेडाकडे गोळा होतात. डॅफ्निया झटके देत पोहतो, एक ते तीन मिलिमीटर, आणि सायक्लॉप्सला डोक्यात मधोमध एकच डोळा, मादी असेल तर शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या लटकलेल्या. डॅफ्निया खड्डा असलेल्या स्लाइडवर घेऊन ४० पटीला बघा, पाठीच्या बाजूला हृदय इतकं भराभर धडधडतं की मोजताना चुकतं, आतडं हिरवं दिसलं तर तो शेवाळ खातोय, आणि पाठीवरच्या पिशवीत पिल्लं वळवळताना दिसली तर नशीब समजा.

हायड्राही तुमच्याकडे असू शकतो, झाड तळ्यातूनच आणलंय म्हणालात म्हणून सांगतो. काचेवर किंवा पानाखाली सेंटिमीटरभर तपकिरी किंवा हिरवट धागा, टोकाला पाच-सात बारीक हात पसरलेले, बरणी हलवली की टिंब होऊन बसतो. मी एकदा भिंगातून बघत असताना एका डॅफ्नियाचा हायड्राच्या हाताला जरासा स्पर्श झाला, डॅफ्नियानं दोन-तीन जोरात झटके दिले आणि थांबला, हातांवरच्या डंख मारणाऱ्या पेशींनी काम केलं होतं. मग बाकीचे हात सावकाश त्याच्याभोवती आले, आणि हायड्राचं तोंड त्याच्यापेक्षा लहान वाटत असूनही ताणत ताणत त्याला अख्खं आत घेतलं. पंधरा-वीस मिनिटं लागली असतील. नंतर हायड्राच्या बारीक अंगात डॅफ्नियाचा फुगवटा आणि त्याचा काळा डोळासुद्धा बाहेरून दिसत होता. अब्राहम ट्रेंबले या निसर्ग-अभ्यासकांनी १७४० पासून अशाच काचेच्या बरण्यांत हायड्रा पाळले, ते बरणीच्या उजेडाकडच्या बाजूला जमतात हे त्यांच्या लक्षात आलं, बरणी फिरवली तर ते परत उजेडाकडे सरकले, आणि मग त्यांनी हायड्रा कापून बघितला तर दोन्ही तुकड्यांचे दोन पूर्ण हायड्रा झाले. १७४४ साली हे सगळं छापून आलं. म्हणजे तुमच्याकडे आत्ता जे सामान आहे जवळपास त्यातच हे काम झालंय, बरणी, खिडकी, भिंग आणि रोज बघण्याची चिकाटी.

आता बरणीची देखभाल, इथे मी थोडक्यात आटपतो कारण कमी हात लावणं हीच देखभाल. एक-दोन लिटरची रुंद तोंडाची बरणी, तळाला सेंटिमीटरभर तळ्याचाच गाळ, एखादी पाणवनस्पती, वर तीन-चार बोटं मोकळी जागा. उजेड हवा पण थेट ऊन नको, उन्हात छोटी बरणी तासाभरात इतकी तापते की सगळं संपतं. पाणी आटलं की पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी घाला, कारण आटताना क्षार मागे राहतात आणि नळाच्या पाण्यानं ते वाढतच जातात, शिवाय नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. क्लोरीन दिवसभर उघडं ठेवलं तर जातं पण काही ठिकाणी त्याऐवजी पाण्यात घालतात ते क्लोरामाइन तसं जात नाही, त्यामुळे मी नळाचं पाणी घालतच नाही. बरणी साबणानं धुतली असेल तर दहादा खळबळा. तांब्याची वस्तू आत नको, तांबं या जिवांना विष आहे. तोंडावर बारीक जाळीचं कापड बांधा, डास अंडी घालतात.

खाऊ घालायचा मोह आवरा. उकडलेला गव्हाचा एक दाणा लिटरभर बरणीला महिन्यातून एकदा, बस. बहुतेक लोकांच्या बरण्या उपासमारीनं मरत नाहीत, जास्त खाऊ घालण्यानं मरतात, बॅक्टेरिया बेसुमार वाढतात आणि ऑक्सिजन संपवतात. वास घेऊन बघा. पावसानंतरच्या मातीसारखा, शेवाळाचा वास असेल तर बरणी ठणठणीत आहे. सडक्या अंड्यासारखा वास असेल तर तळात ऑक्सिजन संपलाय, पण तेव्हाही ओतू नका, दाणा, सडलेली पानं काढा, एक तृतीयांश पाणी बदला, झाकण असेल तर काढा आणि आठवडा थांबा. काळ्या झालेल्या गाळातही बघण्यासारखं असतं, ऑक्सिजनशिवाय जगणारे काही सिलियावाले, म्हणजे केसांसारखे तंतू असलेले, जीव फक्त तिथेच भेटतात.

एक वही करा. तारीख, बरणीतली जागा, किती पटीला बघितलं, चित्र. फोन आयपीसला लावून फोटो जरूर काढा पण चित्रही काढा, कारण चित्र काढताना लक्षात येतं की याला तंतू सगळ्या अंगावर आहेत की फक्त काठाला हे आपण बघितलंच नव्हतं, आणि ओळख नेमकी तिथेच पटते. नाव नाही सापडलं तरी चालेल, ‘गाळातला लांब मानेचा, १२ तारखेचा’ एवढंही पुढच्या वेळी कामाला येतं. आकार अंदाजे लिहायला मघाशी मोजलेलं वर्तुळ वापरा, वर्तुळाच्या अर्ध्यात मावतो की दहाव्या हिश्श्यात.

कधी बरणी मोडायची वेळ आलीच तर ते पाणी आणि झाड दुसऱ्या तळ्यात किंवा ओढ्यात टाकू नका, एकीकडचे जीव दुसरीकडे जायला नकोत. पाणी झाडाच्या कुंडीत घाला, बरणीतली पाणवनस्पती सुकवून टाका.

पण आत्ता मोडायचं कारण नाही. आज स्लाइड लटकवा, तोवर काचेवरच्या थराची एक खरवड १०० पटीला, झडप जवळजवळ बंद करून बघा. आठ दिवसांनी लटकवलेल्या स्लाइडवर कडेकडेला देठावरच्या घंटा आल्यात का ते मला सांगा, आणि आल्या असतील तर टेबलावर एक टिचकी मारून बघा.